मूस-शिकारीतील हातभरणीची काडतुसे

रायफलीच्या उडालेल्या काडतुसाचे पितळी कवच पुन्हा वापरून त्यात नवी टोपी, मोजून घेतलेली दारू व निवडलेली गोळी शिकाऱ्याने स्वतः बसविण्याच्या पद्धतीस हातभरणी म्हणतात. उत्तर अमेरिकेत या पद्धतीला मूस या हरिणकुलातील सर्वांत मोठ्या प्राण्याच्या शिकारीमुळे महत्त्वाचे वळण मिळाले.

तोंडाकडून ठासावयाच्या बंदुकीच्या काळात प्रत्येक बार हातानेच भरला जाई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धातूची तयार काडतुसे रूढ झाली, तरी हातभरणी टिकून राहिली. जॉन बार्लो यांनी १८८४ मध्ये कनेक्टिकट राज्यात आयडियल कंपनी स्थापन करून चिमट्याच्या आकाराचे भरणीचे साधन विक्रीस आणले. त्याच वर्षी पॉल व्ह्येय या फ्रेंच रसायनज्ञांनी निर्धूम दारू तयार केली. तिच्यामुळे गोळीचा वेग फार वाढला आणि शिशाच्या गोळीवर तांब्यासारख्या धातूचे आवरण चढविणे आवश्यक झाले.

वाढलेल्या वेगाने नवा प्रश्न निर्माण केला. प्रौढ नर मूसचे वजन ५०० किग्रॅ.पेक्षाही अधिक भरते. त्याचे हृदय व फुप्फुसे जाड स्नायू आणि खांद्याच्या हाडांआड असतात. मऊ गोळी वेगाने आदळल्यास वरवरच फुटते. फार कठीण गोळी न पसरता आरपार जाते. दोन्ही प्रसंगी जखमी प्राणी जंगलात दूर जाऊन यातना भोगत मरण्याचा संभव असतो.

ऑरेगन राज्यातील जॉन नॉस्लर (१९१३–२०१०) यांना १९४६ मध्ये ब्रिटिश कोलंबियात याचा प्रत्यय आला. ३०० हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम या वेगवान काडतुसाच्या गोळ्या चिखलाने माखलेल्या नर मूसच्या शरीरात पुरेशा खोल गेल्या नाहीत. त्यावर उपाय म्हणून त्यांनी तांब्याच्या मिश्रधातूच्या आवरणात मधोमध आडवा पडदा ठेवून दोन्ही बाजूंना शिसे भरले. पुढचा भाग पसरतो. पडद्यामागचा भाग अभंग राहून खोलवर शिरतो. १९४७ च्या मूस-शिकारीत ही गोळी यशस्वी ठरली व १९४८ मध्ये तिचे व्यापारी उत्पादन सुरू झाले. अशीच रचना असलेली ‘एच-मँटल’ गोळी जर्मनीत दुसऱ्या महायुद्धापूर्वीच निघाली होती.

युद्धानंतर शिल्लक लष्करी दारू स्वस्तात मिळू लागल्याने अमेरिकेत हातभरणीचा प्रसार झाला. मूससाठी काडतूस भरताना केवळ वेगाचा विचार न करता गोळीची रचना व वजन आधी ठरविणे आणि त्यांना अनुरूप दारू नंतर निवडणे, हा क्रम इष्ट ठरला. जड गोळीस सामान्यतः सावकाश जळणारी दारू योग्य असते. प्रमाणाबाहेर दारू भरल्यास दाब वाढून रायफल फुटण्याचा धोका असतो. म्हणून कोष्टकात दिलेल्या किमान मात्रेपासून आरंभ करतात.

संपूर्ण तांब्याची पसरणारी गोळी १९८९ मध्ये बाजारात आली. शिकारीच्या अवशेषांतील शिशाच्या कणांमुळे कॉन्डॉर गिधाडांना विषबाधा होत असल्याचे आढळल्यावर कॅलिफोर्निया राज्याने २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्या वापरण्यास पूर्ण बंदी घातली. अशा रीतीने गोळीची निवड शिकारीच्या सावजापुरती मर्यादित न राहता इतर वन्य जीवांच्या संरक्षणाशीही निगडित झाली.