कांदा-लसूण नाही, मग तोंडाला वास कुठून?



आजचा विषय आपण चारचौघींत काढत नाही. घरातल्या घरातसुद्धा काढत नाही. म्हणूनच लिहायला घेतला.

माझा मुलगा चार वर्षांचा असतानाची गोष्ट. आजीच्या मांडीवर बसून गोष्ट ऐकता ऐकता त्याने तोंड फिरवलं आणि मोठ्याने म्हणाला, "आजी, तुझ्या तोंडाला वास येतो." मी त्याला दटावलं. ह्यांनी डोळे वटारले. सासूबाई मात्र हसल्या. म्हणाल्या, "अरे, आपल्या घरात कांदा नाही, लसूण नाही. वास कुठून येईल?"

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या पदराच्या गाठीला लवंगा आल्या. बस्तीत शास्त्र ऐकायला त्या आधी पुढे बसायच्या, त्या भिंतीकडेला सरकल्या. बोलताना पदर तोंडाशी जाऊ लागला. खरं सांगते, मला तो वास त्याच्या आधी दोन वर्षांपासून येत होता. पण सासूबाईंना हे सुनेने कसं सांगायचं? गप्प राहणं म्हणजेच मान ठेवणं, असं मला वाटत होतं.

मग एक दिवस भाकरीचा पापुद्रा चावताना त्यांचा पुढचा दात हलला. दातांच्या डॉक्टरांनी हिरड्या पाहिल्या आणि पहिला प्रश्न विचारला, "चूळ भरताना रक्त कधीपासून येतं?" सासूबाई म्हणाल्या, "बरीच वर्षं. उष्णतेचं असेल म्हणून सोडून दिलं." डॉक्टरांनी रक्तातली साखर तपासायला सांगितली. ती खूप वाढलेली निघाली. तीन दात काढावे लागले.

लवंगेने वास झाकला होता, आणि वासामागे हे सगळं लपलं होतं. एवढी साधी गोष्ट आम्ही एकमेकींना का सांगू शकलो नाही, या प्रश्नापासून माझं वाचन सुरू झालं. त्यात जे सापडलं ते तुमच्यापुढे ठेवते.

चरकांना जिभेचं ठाऊक होतं

तोंडाचा वास म्हटलं की आपण दात घासतो. चरकसंहितेत मात्र दातांच्या बरोबरीने जीभ आहे. सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात दिनचर्या सांगितली आहे. काडीचं टोक चावून मऊ करायचं आणि तिने दिवसातून दोन वेळा दात घासायचे. काडी तुरट, तिखट किंवा कडू चवीची हवी आणि हिरडीला इजा होता कामा नये. त्यासाठी करंज, रुई, अर्जुन, असाणा अशा झाडांची नावं दिली आहेत.

त्यानंतर जीभ घासायची पट्टी येते. ती सोनं, चांदी, तांबं, कथील किंवा पितळ यांची, वाकवलेली आणि धार नसलेली असावी. कारणही तिथेच दिलं आहे. जिभेच्या मुळाशी जो मळ साठतो, त्याने तोंडाला दुर्गंधी येते, म्हणून जीभ खरवडावी. वास पोटातून नव्हे तर जिभेच्या मागच्या भागातून येतो, हे इतक्या जुन्या ग्रंथात स्पष्ट लिहिलेलं पाहून मी दोनदा वाचलं.

लवंग, वेलदोडा, जायफळ, सुपारी, कंकोळ, कापूर, विड्याचं पान हेही तिथे आहे. पण ते दात आणि जीभ स्वच्छ केल्यानंतर येतं. आधी मळ काढायचा आणि मग सुवास. आमच्या घरात फक्त दुसरा भाग उरला होता.

सुश्रुतांनी तोंडाचे ६५ रोग सांगितले आहेत. त्यांतला एक 'शीताद'. त्यात हिरड्यांतून अचानक रक्त येतं, हिरड्या काळपट आणि मऊ पडतात, त्यांना घाण वास येतो. दुसरा 'दंतवेष्ट', त्यात पू आणि रक्त येतं आणि दात हलू लागतात. सासूबाईंची चिठ्ठीच जणू कुणीतरी आधी लिहून ठेवली होती. रक्त, वास आणि हलणारा दात ही एकाच दुखण्याची लक्षणं आहेत, हे जुन्या वैद्यांनी ओळखलं होतं.

मग हे ज्ञान घराघरांतून कुठे गेलं? काडी गेली, राखुंडी आली. तंबाखू पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आला आणि पुढे तो भाजून मिश्री झाली. कित्येक घरांतल्या आज्या-पणज्यांनी मिश्रीने दात घासले, कारण दात शिवशिवायचे थांबतात असा समज होता. तंबाखूने ठणका तेवढा दबतो आणि हिरडी आतून खराब होत जाते. तिथेही दुखणं झाकलंच गेलं.

लाज बाटलीत कधी भरली गेली

तोंडाच्या वासाची लाज मात्र नेहमी बाईच्याच वाट्याला नव्हती. ज्यू लोकांच्या मिश्ना या सुमारे इ.स. २०० च्या धर्मग्रंथात काही दुखणी असलेल्या नवऱ्याकडून बायकोला सोडचिठ्ठी मागता येते, असा नियम आहे. त्यातल्या एका दुखण्याचा अर्थ पुढच्या चर्चेत नाकाचा किंवा तोंडाचा वास असा लावला आहे. तिथे तपासणी नवऱ्याची होती.

विसाव्या शतकात चित्र उलटं झालं, आणि ते एका बाटलीमुळे. १८६७ साली जोसेफ लिस्टर या ब्रिटिश शल्यवैद्याने जखमा कार्बोलिक आम्लाने जंतुमुक्त ठेवायची पद्धत प्रसिद्ध केली. त्यांच्या नावावरून अमेरिकेत सेंट लुईस शहरात १८७९ मध्ये जोसेफ लॉरेन्स यांनी एक जंतुनाशक तयार केलं, त्याचं नाव लिस्टरिन. ते मुळात शस्त्रक्रियेसाठी होतं. जॉर्डन लॅम्बर्ट यांनी त्याचे हक्क घेतले. पुढे ते दातांच्या डॉक्टरांकडे गेलं, मग दुकानात आलं. खप मात्र बेताचाच होता.

१९२० च्या दशकात लॅम्बर्ट यांच्या मुलाच्या काळात जाहिरातींना एक शब्द सापडला, 'हॅलिटोसिस'. अर्थ एवढाच, तोंडाला वास येणं. हा शब्द १८७४ साली जोसेफ हाऊ नावाच्या डॉक्टरांच्या पुस्तकात होता, पण सामान्य माणसाला तो ठाऊक नव्हता. जाहिरातीत तो रोगासारखा वापरला गेला. एका गाजलेल्या जाहिरातीत तिशीकडे झुकलेली एक तरुणी दाखवली होती. मैत्रिणींची लग्नं होतात, हिचं होत नाही. कारण तिच्या तोंडाला वास येतो आणि जवळची मैत्रीणसुद्धा तिला ते सांगत नाही.

खप कित्येक पटींनी वाढला. त्या जाहिरातीचा खरा माल औषध नव्हताच, भीती होती. 'तुम्हाला कळणार नाही आणि कुणी सांगणारही नाही', या भीतीवर बाटली विकली गेली. हेच औषध सर्दी-घशालाही उपयोगी पडतं, असंही कित्येक वर्षं सांगितलं जात होतं. १९७५ साली अमेरिकेच्या सरकारी व्यापार आयोगाने तो दावा खोटा ठरवला आणि तसं जाहिरातीतच छापायला लावलं.

माऊथवॉश वाईट, असं मला म्हणायचं नाही. डॉक्टरांनी सांगितलं तर जरूर वापरावा. पण सासूबाईंच्या पदराची गाठ आणि ती बाटली यांत मला फारसा फरक दिसत नाही.

वासाचा पत्ता सापडला

वास नेमका कशाचा, हे कॅनडात व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात जोसेफ टोन्झेटिच यांनी १९६० आणि ७० च्या दशकांत यंत्रावर मोजून दाखवलं. त्या वासात मुख्यतः गंधकाचे वायू असतात. त्यांतल्या एकाचा वास नासलेल्या कोबीसारखा येतो.

हे वायू येतात कुठून? जिभेच्या मागच्या खडबडीत भागात आणि हिरड्यांच्या फटींत, जिथे हवा पोचत नाही, तिथे सूक्ष्म जिवाणू राहतात. अन्नाचे कण, लाळेतली प्रथिनं, गळून पडलेल्या पेशी, हिरडीतलं रक्त हे सगळं ते कुजवतात. दहापैकी आठ-नऊ जणांत वासाचं मूळ तोंडातच असतं. चरकांचा 'जिभेच्या मुळाशी साठलेला मळ' तो हाच.

आता आपल्या कांदा-लसणाचा हिशोब. लसणाचा वास वेगळ्या वाटेने येतो. लसणातला एक गंधकयुक्त पदार्थ पचल्यावर रक्तात मिसळतो आणि फुप्फुसातून श्वासात उतरतो. म्हणून दात घासूनही तो जात नाही, दिवसभराने आपोआप जातो. लसूण न खाणाऱ्याला तो वास येणार नाही, हे खरं. पण जिभेवरच्या आणि हिरड्यांतल्या जिवाणूंना आपण काय त्यागलं याच्याशी देणंघेणं नाही. त्यांना डाळ आणि दूधही पुरतं. "आपण कांदा-लसूण खात नाही" हे वाक्य धर्माचं म्हणून बरोबर आहे, आरोग्याचा दाखला म्हणून मात्र ते आमच्या घरी महाग पडलं.

उपवासाचा वास

पर्युषणात, दशलक्षणात हा विषय आपल्या अगदी जवळ येतो. उपवासात चावणं नसतं, त्यामुळे लाळ कमी सुटते. तोंड कोरडं पडतं, जिभेवर पांढरा थर येतो. सकाळी उठल्यावर वास येतो त्याचंही कारण हेच, झोपेत लाळ कमी होते. तेला किंवा अठाई असेल तर शरीर साठवलेली चरबी जाळू लागतं आणि श्वासाला पिकून गेलेल्या फळासारखा किंवा नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास येतो.

तपस्या करणाऱ्या बाईने त्याची लाज बाळगायचं काहीच कारण नाही. आपल्या दिगंबर साधूंच्या २८ मूलगुणांत 'अदंतधावन' आहे. देहाच्या सजावटीचा मोह सोडणं हा त्याचा अर्थ. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात उपवासाच्या दिवशी श्रावकानेही स्नान, अत्तर, फुलं, काजळ सोडावं असं सांगितलं आहे. पण साधूंचं महाव्रत वेगळं आणि आपलं रोजचं गृहस्थाचं जगणं वेगळं. वर्षभर दात-जीभ न पाहणं हा काही त्याग नव्हे.

ज्यांना उपवासात पाणी चालतं त्यांनी घोटाघोटाने प्यावं. ज्यांचा निर्जल उपवास आहे त्यांनी आदल्या संध्याकाळी जेवणानंतर दात आणि जीभ नीट स्वच्छ करावी आणि पारण्यानंतर पुन्हा करावी. मधुमेह असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास धरू नये. मधुमेही माणसाच्या श्वासाला असा फळासारखा वास, सोबत उलट्या, धाप किंवा गुंगी असेल तर वाट न पाहता दवाखाना गाठावा.

आपण काय पाहायचं

स्वतःचा वास स्वतःला कळत नाही, कारण नाक त्याला सरावतं. म्हणून खुणा पाहायच्या. जिभेवर पांढरा-पिवळा थर, तोंडात कडवट चव, सतत कोरड, चूळ भरताना किंवा दात घासताना रक्त, सुजलेल्या हिरड्या, हलणारा दात. चमच्याने जिभेचा मागचा भाग हळूच खरवडून त्याचा वास घेतला तरी कळतं.

कारणं बहुतेक साधीच असतात: न घासलेली जीभ, दातांवरचं किटण, किडलेली दाढ, रात्री न काढलेली कवळी, कमी पाणी. रक्तदाबाच्या, ॲलर्जीच्या, मनाच्या आजाराच्या काही गोळ्यांनीही तोंड कोरडं पडतं. टॉन्सिलमध्ये अडकलेले खडे आणि सायनसही कारण असू शकतं. क्वचित मूळ खोल असतं. मूत्रपिंड बिघडलं तर श्वासाला लघवीसारखा वास येतो, यकृत बिघडलं तर कुबट गोडसर. मधुमेहाने हिरड्या बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांनी साखर आटोक्यात राहत नाही. सासूबाईंच्या बाबतीत हीच दुहेरी गाठ होती.

काही जणींना वास नसतानाही तो असल्याची भीती सतावते. त्यांनाही एका विश्वासाच्या माणसाने "नाही गं, येत नाही" असं खरं सांगायला हवं. दोन-तीन आठवडे दात-जिभेची नीट स्वच्छता करूनही वास राहिला, किंवा हिरडीतून रक्त येत असेल, तर आधी दातांच्या डॉक्टरांकडे जावं.

सासूबाई आता सकाळी तांब्याच्या पट्टीने जीभ घासतात, रात्री कवळी काढून पाण्यात ठेवतात. साखर आटोक्यात आहे. बस्तीत पुन्हा पुढे बसतात. एकदा मीच विषय काढला, "आई, मला आधीच कळलं होतं. मी सांगितलं नाही." त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "सांगितलं असतंस तर मला राग आला असता. पण माझे दात तरी राहिले असते."

मैत्रिणींनो, हे चारचौघींत नको, एकांतात सांगा आणि डॉक्टरांकडे सोबत जा. पण सांगा.