गोंदियातले तिबेटी मत देतात, पण कोणत्या सरकारला?

थंडी पडली की आपल्याकडच्या शहरांत रस्त्याकडेला स्वेटरची दुकानं लागतात. आपण त्यांना सरसकट 'नेपाळी' म्हणून मोकळे होतो. खरंतर त्यातले बरेच जण तिबेटी असतात. महाराष्ट्रात त्यांची एक वसाहतही आहे, नोर्गेलिंग. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, १९७२ साली वसलेली. तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता.

इथले लोक मतदान करतात ते धर्मशाळेतल्या निर्वासित तिबेटी संसदेसाठी. या सरकारला जगातल्या एकाही देशाची मान्यता नाही. तरी निवडणूक मात्र अगदी रीतसर होते.

१९५९ मध्ये दलाई लामा भारतात आले आणि २ सप्टेंबर १९६० रोजी पहिल्या लोकप्रतिनिधींनी शपथ घेतली. गंमत म्हणजे लोकशाहीचा आग्रह राजाचाच होता, प्रजा नको म्हणत होती. १९६३ च्या राज्यघटनेच्या मसुद्यात दलाई लामांचे अधिकार काढून घेण्याची तरतूद होती. लोकांना ती अजिबात पटली नाही, पण लामांनी ती ठेवायला लावली. पुढे २०११ मध्ये त्यांनी राजकीय सत्ता पूर्णपणे सोडली. आता 'सिक्योंग', म्हणजे सरकारप्रमुख, थेट लोक निवडतात. २०२१ मध्ये पेन्पा त्सेरिंग निवडून आले.

संसदेत ४५ जागा. तिबेटच्या तीन पारंपरिक प्रांतांना प्रत्येकी १०, बौद्ध धर्माचे चार पंथ आणि बोन परंपरा यांना प्रत्येकी २, उरलेल्या परदेशातल्या तिबेटींना. मतदान दोन फेऱ्यांत होतं. भिक्षू-भिक्षुणींना मात्र दोन मतं, एक प्रांताचं आणि एक पंथाचं. सामान्य माणसाला एकच. यावर तिबेटी लोकांतच नाराजी आहे, आणि ती रास्तच वाटते.

पक्षांचं काय? १९९४ मध्ये नॅशनल डेमोक्रॅटिक पार्टी ऑफ तिबेट स्थापन झाली, पण पक्षाच्या चिन्हावर लढायची पद्धत काही रुजली नाही. जागाच प्रांत आणि पंथावर वाटलेल्या, तिथे पक्षाला वाव तो किती?

खरा वाद वेगळाच आहे. चीनशी समेट करायचा की स्वातंत्र्यच मागायचं? दलाई लामांचा 'मध्यम मार्ग' म्हणतो, चीनमध्येच राहू, पण खरी स्वायत्तता द्या. १९७० मध्ये स्थापन झालेल्या तिबेटी युवक काँग्रेसला संपूर्ण स्वातंत्र्य हवंय. २००२ ते २०१० दरम्यान चीनशी चर्चेच्या नऊ फेऱ्या झाल्या. हाती काही लागलं नाही. त्यानंतर औपचारिक चर्चा थांबली.

दरम्यान इथे दोन-तीन पिढ्या जन्मल्या. २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेले तिबेटी कायद्याने जन्मतः भारतीय नागरिक ठरतात. २०१४ मध्ये निवडणूक आयोगाने त्यांची नावं मतदार यादीत घ्यायला सांगितलं. बऱ्याच जणांनी अर्ज केला नाही. आपण परत जाणार, ही आशा सोडल्यासारखं होईल असं त्यांना वाटतं.