मैदानावरचे नोकर : बाळू पालवणकर

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यांतील युरोपियन क्लबाच्या मैदानावर चर्मकार समाजांतील बाळू पालवणकर हे मासिक चार रुपयांवर राबत असत. खेळपट्टीवर रूळ फिरविणें, जाळें बांधणें आणि साहेबांना सरावासाठीं चेंडू टाकणें, हें त्यांचें काम. त्यांतूनच त्यांची डावखुरी गोलंदाजी घडली. पुढें पुण्याच्या हिंदूंनीं त्यांना संघांत घेतलें. चहा मात्र तंबूबाहेर, मातीच्या भांड्यांत मिळे. १९०६ सालीं मुंबईंत हिंदूंनीं युरोपियनांना हरविलें, त्यांत त्यांचा वांटा मोठा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यांत त्यांनीं शंभराहून अधिक बळी घेतले. तरी हिंदु संघाचें नायकपद त्यांना दिलें गेलें नाहीं. १९२३ सालीं तें धाकटे बंधु विठ्ठल यांना मिळालें. गुणाची गरज संघाला लगेच पटली; मान देण्यास मात्र सतरा वर्षें लागलीं.