अफवेचे अंतरंग-परीक्षण : राईनपाडा प्रकरणाच्या निमित्ताने

वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. बखरीपेक्षा तत्कालीन अस्सल पत्र अधिक प्रमाण मानण्याची शिस्त आपल्याकडे त्यानंतर रुजली. कागद कोणी, केव्हा, कोठून व कशासाठी लिहिला, हे प्रश्न मोडी दफ्तरापुढे बसणाऱ्यास नवे नाहीत. व्हॉट्सॲपवरील मजकुरास ते विचारले न गेल्यास काय घडते, हे १ जुलै २०१८ रोजी दिसून आले.

त्या रविवारी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवडे बाजाराच्या दिवशी आलेल्या पाच जणांना, मुले पळविणारी टोळी समजून, जमावाने ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, बहुतेक मंगळवेढ्याकडचे होते. भिक्षेसाठी गावोगाव हिंडणे ही ज्यांची परंपरा, त्यांचे परकेपण हाच येथे पुरावा ठरला.

त्या सुमारास देशभर एक चित्रफीत फिरत होती. दुचाकीवरील दोघे रस्त्यावरचे मूल उचलून नेतात, एवढेच तीत दिसे. मूळ फीत कराचीतील रोशनी या संस्थेने बालसुरक्षेच्या जागृतीसाठी केलेली होती. तिच्या अखेरीस ते दोघे मूल परत आणून सोडतात व सूचनाफलक दाखवितात. तो शेवट कापला गेला होता. म्हणजे साधन अस्सल, पण खंडित. आणि खंडित साधन बनावट साधनाहून ओळखण्यास कठीण असते.

भाषेच्या अभ्यासकास येथे आणखी एक खूण सापडते. अशा मजकुरांत ‘आपल्या भागात’, ‘काल रात्री’ यांसारखी पदे पुनःपुन्हा येतात. त्यांचा अर्थ बोलणाऱ्याच्या स्थलकालावर अवलंबून असतो, आणि येथे बोलणारा तर अज्ञात. त्यामुळे परभणीत वाचणाऱ्यास तो भाग परभणीचा वाटतो, जिंतुरात जिंतूरचा, साक्रीत साक्रीचा. आणि ‘काल रात्र’ रोज नवी होते. बखरकार निदान शक तरी देतो. तो चुकीचा असला तर ताडून पाहता येतो. न दिलेला शक कशाशी ताडावा?

जुलै २०१८ मध्येच व्हॉट्सॲपने पुढे पाठविलेल्या मजकुरावर तशी खूण दाखविण्यास प्रारंभ केला. मजकूर पाठविणाराचा स्वतःचा नव्हे, एवढे तीवरून कळते. मूळ कोणाचा, हे कळत नाही. जुन्या पोथीच्या पुष्पिकेत लेखनिक पुष्कळदा आपले नाव, गाव व शक नोंदवीत असे.