मेणाने लिहिलेली अंडी



ईस्टरची रंगीत अंडी ही निव्वळ परदेशी नक्कल आहे का? उपवासकाळ आला की आदिलाबादच्या आमच्या मंडळीत हा प्रश्न निघतोच. पवित्र शास्त्रात अंडी रंगवण्याची आज्ञा कुठेही नाही, हे आधीच सांगतो. ही रूढी आहे. पण रूढीलाही इतिहास असतो.

मध्ययुगीन युरोपात उपवासकाळात मांसाबरोबर अंडीही वर्ज्य होती. कोंबड्यांना मात्र उपवास नसतो! साठलेली अंडी पुनरुत्थानाच्या सणाला चर्चमध्ये आणून त्यांच्यावर आशीर्वाद मागत. १६१४ च्या रोमन विधिग्रंथात त्यासाठी प्रार्थना आहे.

क्रोएशियात अशा अंड्याला ‘पिसानित्सा’ म्हणतात. त्यांच्या भाषेत ‘पिसाति’ म्हणजे लिहिणे. म्हणजे हे लिहिलेले अंडे, आणि लिहायची शाई म्हणजे मधमाशीचे मेण. वितळलेल्या मेणाने पांढऱ्या कवचावर क्रूस, पाने, रेघा काढतात आणि अंडे कांद्याच्या टरफलांच्या तांबूस काढ्यात बुडवतात. मेणाखाली रंग पोचत नाही. मग अंडे मेणबत्तीच्या ज्योतीजवळ धरून मेण हलकेच पुसले, की पांढरी नक्षी उघडी पडते. तांबडा रंग ख्रिस्ताच्या रक्ताची आठवण देतो.

या सणात मेणाला मान आहेच. लॅटिन विधीच्या चर्चमध्ये ईस्टरच्या जागरणाच्या रात्री पास्काच्या मेणबत्तीसमोर जे प्राचीन स्तोत्र गातात, त्यात मधमाशीचाही उल्लेख येतो.

आता आपल्या मातीकडे या. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील उशेगाव (२०१६ पासून ते आसिफाबाद जिल्ह्यात आहे) येथील ओझा कारागीर पिढ्यानपिढ्या मेणावरच काम करतात. मातीच्या गाभ्यावर मेणाचे बारीक दोरे गुंडाळून नक्षी उठवायची, वरून मातीचा लेप द्यायचा आणि भट्टीत तापवायचे. मेण वितळून निघून जाते, त्या पोकळीत पितळेचा रस ओततात. शेवटी साचा फोडावा लागतो, म्हणून एका साच्यातून एकच वस्तू निघते. गोंड बांधवांच्या देवमूर्ती, घंटा, दागिने असेच घडतात. २०१८ मध्ये आदिलाबादच्या डोकरा कलेला भौगोलिक मानांकन मिळाले. किनवट आणि राजुरा १९५६ पर्यंत आमच्याच जिल्ह्यात होते आणि आमचा धर्मप्रांतही १९९९ मध्ये चांद्याच्या धर्मप्रांतातून वेगळा झाला. तेव्हा सीमेपलीकडच्या वाचकांनाही ही गोष्ट परकी वाटू नये.

दोन्हीकडे मेण आपले काम करून निघून जाते, खूण तेवढी राहते. रिकाम्या कबरेचा सण पाळणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. तरी एक सावधगिरी हवी. ओझांची कला गोंडांच्या देवधर्मात रुजलेली आहे, तिच्यावर आपल्या सणाचा अंगरखा चढवू नये. त्यांच्याकडून क्रूस किंवा दिवा करून घ्यायचा असेल तर रीतसर मागावा आणि मोल घासाघीस न करता द्यावे. अंड्यांसाठी आपले आपण मेण वितळवू या.

बाजारातल्या प्लॅस्टिकच्या अंड्यांबद्दल आम्हाला फारसे प्रेम नाही. मुलांना खरे अंडे हाती द्या, मेण मात्र मोठ्यांनीच गरम करावे, तेही पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवून. आणि आतापासून कांद्याची टरफले टाकू नका. गडद रंगाला मोठे पातेले भरून लागतात.