नळीचं टोक

अर्धांगवायूच्या झटक्यात बाबांचं गिळणं गेलं. आठवड्यानं ते घरी आले ते नाकात राईल्स ट्यूब घेऊनच. डिस्चार्जच्या दिवशी सिस्टरनं मला कॉटजवळ बोलावलं आणि नाकपुडीपाशी नळीवर छापलेल्या ६०च्या खुणेवर बोट ठेवलं. "दादा, फीड द्यायच्या आधी दर वेळी ही खूण बघायची. हलली असेल तर पाण्याचा थेंबही घालायचा नाही."

जास्तीची एक नळी तिनं पाकिटात दिली होती. सव्वातीन-साडेतीन फूट लांब, टोकाशी पोलादाचे बारीक मणी बसवलेली. अन्न पोचवायच्या नळीला हे वजन कशाला? उत्तर शोधताना कळलं, की ही नळी मुळात अन्न घालण्यासाठी केलेलीच नव्हती.

लंडनच्या गाईज हॉस्पिटलमधल्या जॉन राईल या डॉक्टरनं १९२१च्या सुमाराला ती बनवली ती जठरातला रस तपासायला. रोग्यानं ओटची पेज प्यायची, नळी गिळायची आणि दर पंधरा मिनिटांनी डॉक्टरनं थोडा रस ओढून घ्यायचा. टोक जड असलं की घशाखाली आपसूक उतरतं, म्हणून ते वजन. काढून घेण्यासाठी जन्मलेली वस्तू पुढं देण्याच्या कामी लागली आणि नाव मात्र राईलचंच राहिलं. आपल्याकडं वॉर्डात तिला नुसतं 'आरटी' म्हणतात.

नाकावाटे अन्न घालायची खटपट त्याच्याही आधीची. इटलीतल्या फॅब्रिशियसनं १६१७ साली धनुर्वातानं दातखीळ बसलेल्या रोग्यांसाठी चांदीची नळी वापरली. लंडनच्या जॉन हंटरनं १७९० साली व्हेलच्या तोंडातल्या लवचिक पट्टीवर वाम माशाचं कातडं चढवलं, वर पिशवी बांधली आणि गिळता न येणाऱ्या एका माणसाला अंडी, दूध, साखर, वाईन असं पोटात घातलं. तो माणूस पुन्हा गिळू लागला. मला या सगळ्या इतिहासात हंटरची ती ओबडधोबड नळी सर्वांत जवळची वाटते. हाताशी जे होतं त्यातून ती झाली होती.

अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड १८८१ साली गोळी लागून अडीच महिने अंथरुणाला खिळले, तेव्हा डॉक्टरांनी त्यांना गुदद्वारावाटे मांसाचं सार दिलं. मोठं आतडं पाणी आणि मीठ शोषतं, पण मांसाच्या सारातलं पोषण त्याला फारसं घेता येत नाही. अध्यक्ष खंगतच गेले.

आणि मग जबरदस्ती. मताधिकारासाठी तुरुंगात उपोषण करणाऱ्या ब्रिटिश स्त्रियांच्या नाकातोंडात १९०९पासून नळ्या खुपसल्या गेल्या. वीस वर्षांनी तेच लाहोरच्या तुरुंगात घडलं. उपोषणाला बसलेल्या क्रांतिकारक जतींद्रनाथ दास यांना धरून नळी घातली, ती चुकली आणि दूध फुफ्फुसात उतरलं. उपोषणाच्या ६३व्या दिवशी, १३ सप्टेंबर १९२९ला ते गेले. शाळेत आम्ही त्यांना हुतात्मा म्हणून शिकलो; त्यांच्या मरणात नळीच्या टोकाचा हात होता हे बाबांच्या उशाशी बसेपर्यंत माझ्या ध्यानात आलं नव्हतं. अन्ननलिका आणि श्वासनलिका घशात शेजारी शेजारी. जागा माणूस ठसकतो, नळी झिडकारतो. झटक्यानं ज्याचा घसाच बधिर झालाय, तो ठसकेलच असं नाही.

आतडंच निकामी झालं तर पोषण शिरेतून द्यावं लागतं. एकोणिसाव्या शतकात कॅनडात एडवर्ड हॉडर यांनी पटकीच्या रोग्यांच्या शिरेत चक्क दूध सोडलं होतं. रक्तात निर्धोक मिसळणारा स्निग्धांश करायला १९६१ उजाडलं. स्वीडनच्या व्रेटलिंड यांनी तो सोयाबीनचं तेल आणि अंड्यातल्या बलकापासून केला. पुढं फिलाडेल्फियात स्टॅनली डड्रिक यांनी कुत्र्याची पिल्लं फक्त शिरेतल्या पोषणावर वाढवून दाखवली, मग एक नवजात मुलगी. तिथं भीती जंतूंची: टोक थेट हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत, त्यामुळं नळीच्या तोंडाला हात लावण्याआधी परिचारिकेनं ते किती नीट पुसलं यावर रोग्याचा जीव.

नळी टाळणारे हातही असतात. मुंबईच्या केईएममध्ये अरुणा शानबाग १९७३पासून २०१५पर्यंत अंथरुणावर होत्या. परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या, पण सप्टेंबर २०१०पर्यंत त्यांनी आपल्या या सहकारी परिचारिकेला कुस्करलेलं अन्न तोंडानंच भरवलं. आजारपणात खाणं कमी झालं तेव्हा कुठं राईल्स ट्यूब आली. सोय म्हणून ती कधीच घालता आली असती. तोंडानं भरवायला किती वेळ जातो, ते एकदा भरवून पाहिलेल्यालाच कळेल.

आमच्याकडं तिसऱ्या आठवड्यात, पहाटेच्या फीडआधी, ६०ची खूण नाकापासून चांगली चार बोटं बाहेर दिसली. मी भरलेली सिरिंज खाली ठेवली आणि बाबांना घेऊन दवाखान्यात गेलो. सिस्टरनं नवी नळी नाकापासून कानापर्यंत आणि तिथून छातीच्या हाडाच्या टोकापर्यंत मोजली, बाबांना बसतं करून हळूहळू आत सरकवली. मी विचारलं, हवा मारून स्टेथोस्कोपनं गुडगुड ऐकली की कळतं ना? ती म्हणाली, "नळी छातीत असली तरी कधी कधी तसाच आवाज येतो." ब्रिटनमध्ये २००५ सालीच त्या आवाजावर विसंबू नका असं बजावलं गेलंय. तिनं आतला पाण्यासारखा रस ओढून आम्लता मोजायच्या पट्टीवर टाकला. पीएचचा आकडा साडेपाचच्या वर गेला, म्हणजे आम्ल कमी; बाबांना आम्लपित्ताची गोळी चालू होती म्हणून असेल. तिचं समाधान झालं नाही. एक्स-रे काढला.

फिल्म तिनं खिडकीच्या उजेडात धरली. बरगड्यांच्या करड्या पट्ट्यांमधून एक रेघ सरळ खाली गेली होती, श्वासपटल ओलांडून डावीकडं वळली होती, आणि शेवटाला पोलादी मण्यांची ती लहानशी पांढरी रांग.

"पोटातच आहे," सिस्टर म्हणाली. मग तिनं बाबांची उशी उंच केली, सिरिंजचा दांडा काढला, आणि मुगाचं कोमट पाणी धारेनं आपसूक उतरू दिलं.