सोलापूरचे ते तीन दिवस आणि निःशस्त्र संरक्षण

परकी सैन्य दारात आले असता निःशस्त्र लोकांनी देशाचे रक्षण करावे, ही कल्पना निघाली की सभेत कोणीतरी हसतोच. हसणाऱ्याला आम्ही दोष देत नाही. जून १९४० मध्ये वर्ध्यास भरलेल्या काँग्रेस कार्यकारिणीनेही, परचक्राच्या प्रसंगी गांधीजींबरोबर इतक्या दूरवर जाणे आपणास शक्य नाही, असाच ठराव केला होता. तथापि श्रोतेहो, या प्रश्नाचा विचार करण्यास वर्ध्यापर्यंत जावयास नको. आपल्या या गिरणगावाने त्याची चुणूक पाहिली आहे.

५ मे १९३० रोजी गांधीजींना अटक झाली आणि सोलापुरात हरताळ पडला. ८ मे रोजी रूपाभवानीकडे शिंदीची झाडे तोडण्यावरून लोकांची व पोलिसांची गाठ पडली. गोळीबार झाला. शंकर शिवदारे त्यात कामास आले. मग मात्र जमावाचा तोल सुटला. दोन पोलीस मारले गेले, कोर्ट जळाले. पोलीस शहरातून काढून घेण्यात आले आणि ९ ते ११ मे या दिवसांत सोलापुरात इंग्रजांचे सरकार असे उरले नाही.

आता गावात लुटालूटच माजली असेल, असे कोणासही वाटेल. वस्तुतः काँग्रेसचे स्वयंसेवक चौकाचौकांत उभे राहिले, गाड्याघोड्यांना वाट दाखवू लागले, रात्री गस्त घालू लागले. त्यांच्यापाशी बंदूक नव्हती, पगार नव्हता, तरी लोक त्यांचे ऐकत होते. सत्ता बंदुकीत किती असते आणि लोकांच्या ऐकण्यात किती असते, याचा हिशेब त्या तीन दिवसांत उघड्यावर मांडला गेला.

१२ मे रोजी लष्करी कायदा आला, तो ३० जूनपर्यंत राहिला. राष्ट्रध्वज मिरविणे हा गुन्हा ठरला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फाशी दिले. आरोप त्या पोलिसांच्या खुनाचा. चौघेही निर्दोष होते, असेच सोलापूर आजवर मानीत आले. चार पुतळ्यांवरून रोज जाणाऱ्यांना आम्ही हे का सांगावे? एवढ्यासाठी, की ते दोन खून झाले नसते तर फास आवळावयास सरकारला दुसरे निमित्त शोधावे लागले असते. ते त्याला सापडले नसतेच, असे मात्र आम्ही म्हणत नाही.

जर्मनीत रूरच्या खोऱ्यात हाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला. जानेवारी १९२३ मध्ये फ्रेंच व बेल्जियन फौजा कोळसा वसूल करण्यास आत शिरल्या. खाणकामगारांनी कोळसा काढण्याचे नाकारले, रेल्वेवाल्यांनी गाड्या सोडून दिल्या. एसेनच्या क्रुप कारखान्यात ३१ मार्च रोजी १३ कामगार गोळीबारात मेले, तरी असहकार सप्टेंबरपर्यंत टिकला. मोडला तो पोटापाशी. संपकऱ्यांना पोसण्यासाठी सरकारने नोटा छापल्या आणि नोटेला कागदाचीही किंमत राहिली नाही. फौजा परत गेल्या त्या १९२५ मध्ये, वाटाघाटी झाल्यावर.

सैन्याला कोठार असते, कवायत असते, वर्षानुवर्षांचा खर्च मंजूर असतो. निःशस्त्र लोकांनी मात्र आयत्या वेळी, रिकाम्या पोटी उभे राहावे आणि हरले की त्यांचा मार्गच खोटा, हा कोणता न्याय? यंत्रमाग व विडी कामगारांत आमची तीसेक वर्षे गेली. एका संपात अकराव्या दिवशी घरोघरचे पीठ संपले आणि आमच्याच माणसांनी फाटकावर दगड टाकले. दुपारपर्यंत संप मोडला होता. भाषणे आम्ही पुष्कळ दिली होती; शिधा जमविला नव्हता. पुढल्या खेपेस विडीवाल्या बायकांनी शहाणपण केले. संपाआधी तीन महिने प्रत्येकीने रोज मूठभर ज्वारी बाजूला काढली. तो संप सव्वीस दिवस चालला आणि फाटकावर एकही दगड पडला नाही.